चारला चार कमी

पिंपात पाणी कुठवर आलं ते बघायला कुसुमनं मान आत घातली आणि कमरेला खोचलेला मोबाईल सटकन पाण्यात गेला. नळाला दहा दिवसांनी पाणी आलेलं, तेही जेमतेम तासभर. तिनं आधी नळी शेजारच्या घागरीत सोडली, आणि मग कोपरापर्यंत हात घालून तळाशी चाचपू लागली. लातुरात दीड वर्ष काढलेल्या बाईला कुठल्या संकटाला किती घाबरायचं हे बरोबर कळतं.

फोन हाताला लागला. वर काढताच त्याचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. ती बटण दाबणार, तोच भार्गवी पुस्तक टाकून खोलीतून धावत आली.

"आई, दाबू नको! आधी बॅटरी काढ."

पोरीनं शेंगा सोलाव्यात तसं झाकण काढलं, बॅटरी काढली, सिम काढलं, सगळं सुती फडक्यानं टिपलं आणि पंख्याखाली वर्तमानपत्रावर मांडलं.

"आता चोवीस तास हात लावायचा न्हाई. झटकायचा न्हाई, गॅसजवळ धरायचा न्हाई, चालू तर मुळीच करून बघायचा न्हाई. ओला असताना चालू केला की कायमचा गेला."

"चोवीस तास?" कुसुम ओल्या फरशीवर मटकन बसली. "अगं, पहाटं आप्पाचा फोन यायचा हाय!"

भार्गवीचाही चेहरा उतरला. आप्पासाहेब म्हणजे तिचे आजोबा, कुसुमचे सासरे. नातीला डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला ठेवायचं, तिला रांधून घालायला सुनेनंही तिथंच खोली करून राहायचं, हे त्यांना बिलकुल पसंत नव्हतं. आठ दिवस ते धड जेवलेही नाहीत. शेवटी हो म्हणाले ते एका अटीवर. "रोज पहाटं फोन करीन. एक दिवस जरी उचलला न्हाई, तर दोघींना घेऊन येईन." आणि आप्पासाहेब एकदा बोलले की बोलले. परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती.

तेव्हापासून फोन एक दिवस चुकला नव्हता. चारला चार मिनिटं कमी असताना वाजायचा. म्हातारबुवांचं घड्याळ पुढं धावतं, असं कुसुम धरून चालली होती. "उठली का पोरगी?" "उठली, आप्पा." एवढंच बोलणं. पोरगी रोज आधीच उठून बसलेली असे, तरी हजेरी द्यावीच लागे. दीड वर्ष ही तपासणी! आपण सून आहोत की वसतिगृहाच्या शिपाई, असा राग कुसुमला कितीदा यायचा. पण तो ती भाकरीवर काढायची. त्या दिवशीच्या भाकऱ्या फार पातळ होत.

शेजारच्या खोलीतल्या उज्वलाबाई धावून आल्या. त्या अहमदपूरच्या, मुलासाठी अशाच येऊन राहिलेल्या.

"तांदळात खुपसून ठेवा की. पाणी ओढून घेतो तांदूळ."

"नको, काकू," भार्गवी म्हणाली. "त्याचा भुगा आत जातो."

"मग सिम माझ्या फोनात घालून बघू."

पण जुनं थोराड सिम त्यांच्या नव्या फोनात बसेना. बरं, त्यांच्या फोनवरून कळवावं तर नंबर कुठं पाठ होते? सगळे नंबर त्या भिजलेल्या डब्यातच. भार्गवीनं डोळे मिटून बरंच आठवून पाहिलं.

"दोनशे सहा हाडांची नावं पाठ केलीस," कुसुम म्हणाली, "अन् बापाचा नंबर येत न्हाई व्हय गं?"

गावाकडं जाणारी शेवटची गाडीही एव्हाना निघून गेली होती. भार्गवी क्लासला गेल्यावर मात्र कुसुमला राहवेना. घरात तांदूळ होता मूठभर, ज्वारी मात्र डबा भरून, घरच्या शेतातली. जे तांदळाला जमतं ते आपल्या ज्वारीला का जमू नये? तिनं फोन रुमालात गुंडाळला, ज्वारीत खोल पुरला आणि झाकण गच्च लावलं.

पहाटे फोन वाजला नाही. भार्गवी नेहमीसारखी उठून वाचत बसली. कुसुम डब्याकडं बघत बसली. डबा काढून फोन एकदा चालू करून बघावा, असं तिला दहा वेळा वाटलं. दहाही वेळा तिनं हात मागं घेतला.

साडेसातला दार वाजलं. दारात आप्पासाहेब उभे होते. खांद्यावर ज्वारीचं गाठोडं, धोतराचा काचा सुटलेला, पायांत दोन वेगवेगळ्या वहाणा. कुसुमनं डोक्यावर पदर घेतला. भार्गवी पुस्तकं पोटाशी धरून मागं सरकली. आता नेतातच, हे दोघींनाही कळून चुकलं.

आप्पा आत आले. त्यांनी आधी कुसुमकडं पाहिलं, मग भार्गवीकडं, मग छताकडं. भिंतीवर तळहात टेकून जरा दाबून पाहिला.

"इटंची हाय का?"

"हाव, आप्पा. वर स्लॅब हाय."

कुसुमनं गाठोडं घेतलं आणि ओतायला डबा उघडला. घाईत डबाच कलंडला. ज्वारीबरोबर रुमाल घरंगळला आणि त्यातून फोन बाहेर आला. भार्गवीनं आईकडं पाहिलं. आईनं फरशीकडं पाहिलं.

"पाण्यात पडला काल," कुसुम पुटपुटली. "नळ आला हुता."

"भिजला?" आप्पा म्हणाले. "फोनच भिजला?"

"हाव."

"एवढंच ना?" ते तिथंच, सांडलेल्या ज्वारीत, बसले. "एवढंच ना?" असं पुन्हा विचारून ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं ते बराच वेळ पुसतच राहिले.

कुसुमनं चहा दिला. कप घेताना त्यांच्या मनगटावरचं घड्याळ तिच्यासमोर आलं. आठला दहा कमी. तिनं वर भिंतीकडं पाहिलं. सराव परीक्षेसाठी भार्गवीनं सेकंदाला लावून ठेवलेलं घड्याळ. आठला दहा कमी. म्हणजे म्हातारबुवांचं घड्याळ पुढं धावत नव्हतं.

घरी देव्हाऱ्याशेजारी नणंदेचा फोटो आहे. शाळेच्या दोन वेण्या घातलेली, भार्गवीएवढीच पोर. दरवर्षी सप्टेंबर अखेरीला कुसुमच त्याला हार घालते. भूकंपाच्या त्या पहाटे आप्पा आणि त्यांचा मुलगा, म्हणजे कुसुमचा नवरा शिवशंकर, शेतात राखणीला होते, घरात पोर आणि तिची आई, आणि भिंत कोसळली. चारला चार कमी असताना धरणी हलली हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुसुमलाही होतं. पण लातुरात पहाटे चारला खोल्याखोल्यांतून दिवे लागतात ते अभ्यासाचे, आणि तिनं आप्पांचा फोनही त्यातच मोजला होता. दीड वर्ष केलेल्या रागाची तिला अतोनात लाज वाटली.

"आप्पा, नेणार का आम्हाला?" भार्गवीनं धीर करून विचारलं.

"कशापायी? तू वाच. भिंत बरी हाय."

दुपारी जेवून ते परत गेले. भाकऱ्या चांगल्या जाड झाल्या होत्या.

संध्याकाळी चोवीस तास भरल्यावर भार्गवीनं बॅटरी घातली आणि फोन सुरू झाला. पंख्यामुळं, असं पोरीचं म्हणणं. ज्वारीमुळं, असं आईचं. आठाचं बटण तेवढं रुतलं होतं. "हा तुझ्या ज्वारीचा भुगा," असं म्हणून पोरीनं तो वाद आपल्या बाजूनं मिटवला.

दुसऱ्या पहाटे कुसुमनं आप्पांच्या फोनची वाट बघितली नाही. चारला सहा कमी असताना तिनंच लावला. पहिली घंटा पुरती व्हायच्या आत तो उचलला गेला.

"उठलात का, आप्पा?"

 पलीकडून आधी खाकरणं आलं.

"उठलो की."

"आम्ही दोघी बऱ्या हाओत. भिंती बी बऱ्या हाईत. पडा आता जरा. उद्या बी मीच लावीन."

आठाच्या सुमाराला शिवशंकरचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"अगं, आप्पा अजून उठले न्हाईत. कधी न्हाई ते घोरून राहिलेत. बरं न्हाई की काय त्यांना? उठवू का?"

"उठवू नका," कुसुम म्हणाली आणि फोन कोरड्या जागी ठेवून नळी गुंडाळायला गेली.