रिकामा झोपाळा हलला तेव्हा

मित्रांनो, मी उणकलच्या एका घरातला जुना झोपाळा. अंग सागवानी, कड्या पितळी, स्वभाव भित्रा. झोपाळ्याला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. छताला टांगून घ्या, म्हणजे कळेल.

जुन्या हुबळीतल्या नागोजी सुतारानं मला घडवलं. विठ्ठलराव वकिलांकडे आलो तेव्हा माझा केवढा मान! पाहुण्याला आधी माझ्यावर बसवायचे, मग नाव विचारायचे. त्यांचा सुमंत रडू लागला की अंबूताई त्याला घेऊन माझ्यावर बसायच्या. झोका घेताच पोर गप्प. पुढे सोफा आला. मग मी पापड वाळवले, रद्दी सांभाळली. कुरकुरलो, तर कड्यांत तेल पडलं. का कुरकुरतोस, हे कुणी विचारलं नाही.

सुमंत इंजिनिअर होऊन एका अणुवीज केंद्रात लागला. केंद्राचं नाव सांगत नाही. टांगलेल्यानं शत्रू करू नयेत. यंदा भूकंप झाला आणि तिथल्या पाण्याच्या टाकीला भेग पडली. अणुभट्टी थंड राहते ती त्याच पाण्यावर. केंद्र बंद पडलं, भेग बुजवली, सोमवारी पुन्हा सुरू करायचं ठरलं. फक्त सुरक्षा पाहणाऱ्या सुमंतनं 'हो' म्हणायचं बाकी होतं. तो सुटीवर घरी आला, पण 'हो' म्हणायला मन धजेना. लेकीला, वेदश्रीला, नुसता जवळ घेऊन बसायचा.

त्यात जमीन अधूनमधून थरथरायची. माणसांना कळायचं नाही. मी मात्र रिकामाच हलायचो.

रिकामा झोपाळा हलला की घरावर संकट येतं, ही आमच्याकडची समजूत. अंबूताईंनी मला हलताना पाहिलं. "अय्यो देवा!" म्हणत त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी आणली आणि मला खिडकीच्या गजांना करकचून बांधलं. वर हळदकुंकूही वाहिलं.

दुपारी पुन्हा थरथर सुरू झाली. आधी हलकी. मी धडपडलो, पण दोरी हलू देईना आणि ओरडायला मला तोंड नाही. मागोमाग मोठा हादरा आला. माळ्यावरचा पितळी हंडा निजलेल्या वेदश्रीच्या उशीशेजारी आदळला. फरशी फुटली. पोर किंचाळत उठली.

सुमंतनं तिला उचललं आणि मग त्याची नजर माझ्याकडे गेली.

"आई, झोपाळा का बांधलास?"

"हलायला लागला होता की रे."

"भूकंपानं हलत होता तो!"

"मग बांधल्यावर थांबला की नाही?"

सुमंत धावत आलेल्या वडिलांकडे वळला. "आमच्या साहेबांनीही हेच केलंय, अप्पा. धोक्याची घंटा सारखी वाजायची. माणसं घाबरतात म्हणून तिची तारच काढून ठेवलीय."

"म्हणजे तुझे साहेब आणि तुझी आई एकाच शाळेतले," विठ्ठलराव म्हणाले. एरवी स्वतःच्या विनोदाला तेच आधी हसतात. त्या दिवशी हसले नाहीत.

सुमंतनं माझी दोरी सोडली आणि फोन लावला. "साहेब, घंटा जोडा, टाकी पुन्हा तपासा. तोवर मी हो म्हणणार नाही." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. सुमंतनं माझी कडी घट्ट धरली होती. मी थरथरत होतो, आणि जमीन तर शांत होती.

मग तो निघाला. अंबूताईंनी वाट अडवली. घाबरल्या की त्यांच्या तोंडी कानडी 'बेड', म्हणजे 'नको', येतं. "बेडप्पा, जाऊ नको! नोकरी गेली तर जाऊ दे."

"मी नाही गेलो तर घंटा कोण जोडून घेणार?"

"आणि ती वाजली तर रे?"

"वाजली तर पळता तरी येईल, आई."

तो गेला. सोमवार टळला, एवढंच कळलंय. तो अजून तिकडेच आहे.

आता अंबूताई माझ्यावर कुणाला बसू देत नाहीत. "बसलात तर हललेलं कळणार कसं?" म्हणतात. इतका मान मला सोफा येण्याआधीही नव्हता. पण खरं सांगू, मांडीवरच्या पोराचं ओझं बरं होतं.

मित्रांनो, घरात, गावात, कारखान्यात कुणी घाबरून हलू लागलं, तर दोरी आणायला धावू नका. आधी पायाखालची जमीन पाहा.

सुमंतचा फोन येतो, तेव्हा अंबूताई आधी माझ्याकडे बघतात. मी अंग आवरून स्थिर राहतो. मगच त्या फोन उचलतात.