सासूबाईंच्या गोळीचा अलार्म

"एक वाजला! पेपर द्या," पर्यवेक्षक सर म्हणाले. मावशींचा शेवटचा प्रश्न अजून पुरता कोरा होता.

सारा जन्म इस्पितळात आयाचं काम केलं, आता कुठे नर्सच्या परीक्षेला बसायला मिळालं. पुढच्या वर्षी वय आडवं येणार. "या वयात कसली मेली परीक्षा?" असं म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलंच होतं. हॉलमधलं घड्याळ बंद, मनगटी घड्याळांना मनाई, सगळ्यांचे मोबाईल आवाज बंद करून दारातल्या खोक्यात. वेळ बघायला फोन काय तो एकट्या सरांच्या हातात.

मावशींनी पेपर दोन्ही हातांनी दाबून धरला. "एक वाजला नाही, सर."

"तुम्हाला स्वप्न पडलं का?"

"सासूबाईंच्या गोळीचा माझा अलार्म रोज दुपारी एक वाजता होतो. फोनचा आवाज बंद असला तरी बोंबलतो. अजून गप्प आहे."

हॉलमध्ये खसखस पिकली. सर लालबुंद झाले. "मोबाईलची वेळ चुकत नसते, बाई!"

"माझाही मोबाईलच आहे की! तो टॉवरकडून वेळ घेतो, मी त्यात बोट घालत नाही. तुमच्यात कुणी घातलंय का बघा."

"पेपर रद्द करीन!"

"करा ना. पण एक वाजल्यावर."

मावशी खाली मान घालून लिहायला लागल्या. पुढच्या बाकावरच्या ताईनेही दिलेला पेपर गठ्ठ्यातून ओढून घेतला. मावशींच्या मनात मात्र आलं, सकाळच्या गडबडीत अलार्म बंद तर नाही ना केला? केला असेल तर मेले! तरी पेन थांबलं नाही.

सर फोनमध्ये काहीतरी खुडबुड करत होते. एकदम चेहरा पडला. "मला रोज उशीर होतो म्हणून बायकोने घड्याळ पुढे करून ठेवलंय वाटतं," ते पुटपुटले.

शेवटची ओळ लिहून झाली आणि खोक्यातून आवाज फुटला. मावशींच्या मुलाने आजीचाच आवाज भरून ठेवला होता त्यात. "अगं ए सूनबाई! गोळी कुठाय माझी?"

सगळा हॉल हसला. मावशींना ती हाक जन्मात पहिल्यांदाच गोड लागली. त्या उठल्या आणि पेपर सरांच्या हातात ठेवला.

"आता वाजला एक," त्या म्हणाल्या. "आता घ्या."