पाणवठ्यावरचा पहारा

रविवारी चर्च सुटलं की त्या जर्मन गावातले बाप्ये गुत्त्यात जमत, आणि बिअरचा दुसरा पेला रिकामा झाला की हिन्रिख ल्यूडर्सला आफ्रिकेची गोष्ट सांगावीच लागे. पस्तीस वर्षं हा रिवाज चालला होता. तिकडच्या जर्मन वसाहतीत हेरेरो लोकांनी बंड केलं, फौजेने त्यांना वाळवंटात हाकललं आणि पाणवठ्यांवर पहारे बसवले. एका पाणवठ्यावर जवान हिन्रिख बंदूक घेऊन उभा. एक बाई कडेवर पोर घेऊन पाणी मागायला आली.

"मी म्हटलं, वाळू चाट बाई, फुकट आहे!"

हिन्रिख टेबलावर थाप मारी आणि सगळे खो खो हसत. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे. त्याचा मुलगा एगर्ट हे ऐकतच मोठा झाला.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात एगर्ट पूर्वेच्या आघाडीवरून रजेवर आला होता. दुसऱ्या दिवशी त्याला परत निघायचं होतं. गावचा खाटीक म्हणाला, "म्हाताऱ्याचं पुराण आम्हाला पाठ झालंय. आज तू सांग रे!"

एगर्टने सांगितलं. युक्रेनमधलं गाव. तिथले सगळे ज्यू, बायकापोरांसकट, वीटभट्टीच्या आवारात कोंडलेले. तीन दिवस पाणी बंद, विहिरीवर एगर्टचा पहारा. चौथ्या दिवशी त्यांना गोळ्या घालायला खड्ड्याकडे न्यायचं होतं.

"एक बाई आली, कडेवर पोर. मी म्हटलं, वाळू चाट बाई, फुकट आहे!"

"शोभतोस खरा ल्यूडर्सांचा!" खाटीक ओरडला, आणि सगळ्यांनी हिन्रिखकडे पाहिलं. हिन्रिखला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. शरमेने त्याचे कान तापले. एगर्ट उद्या पुन्हा तिकडेच जाणार, आणि आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं.

घरच्या वाटेवर तो थांबला.

"एगर्ट, मी तसं म्हणालो नव्हतो."

"काय म्हणता, बाबा?"

"ते वाक्य मी याच गुत्त्यात रचलं. सगळे आपापल्या बहादुऱ्या सांगत होते, मग मीही ठोकून दिलं. तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. हुकूम होता, मी त्या बाईवर गोळी झाडली. पोर तिच्या अंगाखाली हललं, तशी दुसरी झाडली. मग झुडपामागे जाऊन ओकलो. ते कुणाला सांगायची माझी छाती झाली नाही."

एगर्ट हळूच म्हणाला, "मीही भट्टीमागे जाऊन ओकलो होतो, बाबा. मला वाटलं, खोट माझ्यातच आहे. माझा बाप तर हसला होता. म्हणून मी हसलो."

हिन्रिखने त्याच्या खांद्याकडे हात नेला. एगर्ट बाजूला सरकला आणि पुढे चालू लागला.