शेंडा ना बुडखा असलेले शब्द

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे फालतूपणा मला खपत नाही. लेकीला वाचायला शिकवणाऱ्या बाईंना मी तडक जाऊन विचारलं, "'लोमाटू', 'झिपुरा' असले शब्द कशाला वाचून घेता? शेंडा ना बुडखा!"

बाई हसल्या. "ओळखीचा शब्द मुलं अंदाजाने ठोकून देतात. कधीच न ऐकलेला शब्द मात्र अक्षर न् अक्षर वाचावाच लागतो."

मला काही पटलं नाही. कुरकुरतच लेकीला घेऊन दुकानात आलो. ती स्टुलावर चढून फळीवरच्या औषधांची नावं वाचू लागली, "झोरापिल... टेमुकॉल... बिफरोडिन..." एकही चुकली नाही.

मग गिऱ्हाइकांसमोर डोळे विस्फारून म्हणाली, "बाबा, बाई ते शब्द तुझ्याच दुकानातून नेतात होय?"