माझ्या काठाला ओठ

मी चांदीचा पेला बोलतोय, आणि रागावूनच बोलतोय. कुंभकोणमच्या सोनारानं मला घडवलं तेव्हा माझा काठ मुद्दाम बाहेर वळवला, वरून पिताना धार नीट तोंडात पडावी म्हणून. कनकलताच्या लग्नात मी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत आलो. इथं माझा केवढा तोरा! पाणी असो की ताक, मान मागे टाकून वरूनच प्यायचं. इतक्या वर्षांत कुणाचा ओठ मला शिवला नव्हता.

कनकलताची मुलगी नित्या. तिला असं प्यायला शिकवलं कामाक्षी आत्यानं, म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. पहिल्या दिवशी पोरीचा झगा ओलाचिंब झाला. सगळ्यांत जास्त हसली ती तिला लाडानं 'कन्ना' म्हणणारी आत्याच.

घरात केबलचा टीव्ही आला त्या वर्षी बारा वर्षांच्या नित्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. मद्रासला औषधाची पहिली फेरी घेऊन ती परत आली तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि तोंड आलं होतं, गालांपासून टाळूपर्यंत. डॉक्टरांनी बजावलं होतं, मऊ ब्रशनं दात घासा, खाऊन झालं की मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा भरा, तोंड स्वच्छ ठेवा. नाहीतर तिथूनच ताप शिरेल आणि पुढचं औषध लांबेल.

स्वच्छ म्हटल्यावर आत्यानं मलाच पुढे केलं. इथवर ठीक होतं. नित्यानं सवयीनं मला वर उचललं, धार थेट टाळूवरच्या फोडांवर आदळली आणि ती किंचाळली. दुसऱ्यांदा तिनं मला हळूच ओठांकडे नेलं.

"ओठ लावूं नको, कन्ना!" आत्या ओरडली. "तोंड स्वच्छ ठेवा म्हणून डॉक्टरनी सांगितलं की नाही? उष्टं केलंस तर आणखी काय काय होईल!"

"जळतें, आत्या. पोदुम. पुरे झालं," म्हणत नित्यानं मला बाजूला सारलं.

मी काय करणार? उपाय ओठांपासून बोटभर अंतरावर, आणि ही शहाणी माणसं शिस्त सांभाळत बसलेली! कनकलताला कळत होतं, मला ठाऊक आहे. मला घासताना तिचे हात थांबायचे. पण नणंदेसमोर तिची जीभ रेटत नव्हती. तिचाही मला मनस्वी संताप आला. आधी चुळा बंद झाल्या, मग ब्रश, मग पाणीसुद्धा पोटात जाईना. फोड चिघळले, ताप चढला.

नित्याचे वडील अनिरुद्धराव एसटीडी बूथवरून मद्रासला फोन करून आले आणि दारातच बसले. "तोंड बरं झाल्याशिवाय पुढचं औषध देणार नाहींत म्हणतात."

कनकलता उठली. मला भरून तिनं नित्याच्या हातात दिलं. "ओठ लाव," म्हणाली. नणंदेकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

नित्यानं मात्र आत्याकडे पाहिलं. मग आत्या जवळ बसली आणि माझ्या बुडाला हात लावून तिनंच मला अलगद कलतं केलं. "सावकाश, कन्ना. सावकाश."

नित्याचे फुटलेले ओठ माझ्या काठाला टेकले. थोडं रक्त लागलं. पाणी तोंडात धरून तिनं चूळ टाकली आणि पुन्हा मागितलं.

दुसऱ्या दिवशी आत्या मला भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे घेऊन गेली. कनकलताच्या नावाखाली तिनं नित्याचं नाव कोरून घेतलं. "हा तिचा. दुसऱ्यानं शिवायचा नाहीं," तिनं घरात सांगून टाकलं.

छान झालं. पण हे आधी का नाही सुचलं? औषध लांबलं ते लांबलंच. त्यानं काय बिघडलं असेल ते डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मी आतल्या आत जळतोय.

नित्याचं तोंड बरं झालं. आता पुढच्या औषधासाठी आम्ही मद्रासच्या गाडीत आहोत, मी आणि मऊ ब्रश, नित्याच्या पिशवीत. तोंड आलेल्या लेकराला वरून पाणी पाजू नका हो. त्याचा पेला वेगळा ठेवा, पण ओठ लावू द्या.

मघाशी नित्यानं मला तोंड लावलं तेव्हा समोरच्या बाईनं नाक मुरडलं. नित्यानं तिच्याकडे बघत आणखी एक घोट घेतला. होय बाई, मी उष्टा आहे. खुशाल म्हणा.