खुडूक कोंबडीचा लिलाव

"शांतीबाई, टोपली खाली ठेवा. पालिकेचा माल आहे तो, तुमचं लेकरू नाही," हेमकांत साहेब म्हणाले.

शांतीबाईने टोपली ठेवली, पण हात काढला नाही. टोपलीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. सकाळी तळोद्याच्या जीप थांब्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत गेल्या, त्या घाईत ही मागे राहिली. टोळीतल्या कुणा नवऱ्याला वाटलं असणार बायकोने चढवली, बायकोला वाटलं नवऱ्याने.

स्वतःचा नवरा वारल्यावर शांतीबाई त्याच्या जागी पालिकेत शिपाई म्हणून लागली होती. बेवारस मालाची खोली तिच्याकडे. छत्र्या, सायकली, एकदा तर कुणाची कवळी. सगळं तिथे मुकाट पडून राही. जिवंत किंवा नासणारा माल मात्र धनी सापडला नाही तर संध्याकाळी लिलावात काढायचा. नियम काही वाईट नव्हता. मागे पपया ठेवल्या, तर साहेब आठवडाभर नाकाला रुमाल लावून फिरत होते. पण आज शांतीबाईचा जीव त्या अंड्यांत अडकला होता. दुपारभर ती टोळी घेऊन गेलेल्या दलसिंग मुकादमाचा नंबर लावत राहिली. फोन बंदच.

लिलावाला एकटा नवनीत खानावळवाला आला.

"कोंबडीनं कालवण, आंडासनी भुर्जी," तो हसला.

शांतीबाईने एक अंडं काढून थेट त्याच्या कानाला लावलं. "ऐक ना भाऊ. पिलू बोली ऱ्हायनं."

नवनीतचं हसू मावळलं. त्याने दुसरं अंडं मागितलं, तेही कानाला लावलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि तेही वाकले.

"एक वार, दोन वार, तीन वार," साहेब घसा खाकरून म्हणाले, आणि कोंबडी नवनीतची झाली.

"आते कोंबडी मन्ही शे," तो तोऱ्यात म्हणाला. "मी सांगसू तठेच ऱ्हाई. खोलीमाच ऱ्हाऊ दे तिले."

सकाळी गोणपाटावर पिल्लं बाहेर आली. त्यानंतर दोन दिवसांनी फोन लागला. दलसिंगने टोळीत विचारपूस करून फोन रिनाकडे दिला. धडगावकडची, यंदाच लग्न झालेली पोर. कोंबडी तिला आईने सासरी जाताना दिली होती.

"कापी खाधी ना?" तिने पहिलं हेच विचारलं.

"नही वं बेटा. ऐक." शांतीबाईने फोन पिल्लांजवळ धरला. "तू ये, तुन्ही कोंबडी तुलेच देसूत. नवनीतभाऊ बी तेच म्हनस."

पलीकडे कोयते चालत होते. त्या आवाजातून रिना बोलली, पण शांतीबाईशी नाही; दाणे टाकताना कोंबडीला मारायची ती हाक तिने मारली.

"तीऽ तीऽ तीऽ..."

कोंबडी ताडकन उठली. फोनकडे न बघता दारापर्यंत गेली आणि पालिकेच्या रिकाम्या आवारात मान उंचावून बघत उभी राहिली. तिच्या मागे पिल्लंही.