मुक्या नळीच्या पोटात

ऐका ना, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर मी क्रम विसरेन. आमच्या चर्चला यंदा सव्वाशे वर्षं झाली, म्हणून फादरनी मला तिथल्या पाइप ऑर्गनचा इतिहास लिहायला बसवलं. मला वाटलं, दोन पानांत गुंडाळू. जुन्या वह्या काढल्या तर एकेक भानगड! एका वर्षी उंदरांनी नळ्यांत हवा भरणाऱ्या भात्याचं चामडं खाल्लं, एका वर्षी पुराचं पाणी आत शिरलं, एक वादक रुसला तो तीन वर्षं आलाच नाही. आणि मग माझ्या आजोबांची नोंद. आईचे वडील, ऑर्गन दुरुस्त करायचे. ‘भाता मोठा करून दिला. काम उत्तम.’ आणि पुढच्याच महिन्यात, ‘सगळ्यात मोठी नळी वाजत नाही.’

ती नंतर कधी वाजलीच नाही.

नळी म्हणजे बासरी नव्हे हं! जाड फळ्यांची चौकोनी पेटी, कपाटाएवढी रुंद, दीड पुरुष उंच. वर मावत नाही म्हणून क्वायरच्या, म्हणजे गाणाऱ्यांच्या, माळ्याखाली, भात्याच्या खोलीत उभी. गावानं आजोबांचं नावच ठेवलं, मुक्या नळीवाले. आजोबा गेले, पण क्वायर शिकवणाऱ्या बाई मामाला अजून विचारायच्या, “काय हो, वडिलांची नळी बोलली का?” मामाही तेच काम करतो ना! वरवर हसायचा, पण घरी जेवण अर्धवट टाकून उठायचा.

यंदा तो हट्टालाच पेटला. “बाबांच्या नावावरचा डाग मी पुसणार म्हणजे पुसणार.”

शनिवारी दुपारी आम्ही दोघंच खोलीत. चारला क्वायरची प्रॅक्टिस होती. नळीच्या बुडाशी पाचरी इतक्या घट्ट बसवलेल्या की मामाला घण घ्यावा लागला. शेवटची पाचर निघाली आणि डोक्यावर काहीतरी कण्हलं. लांब, बारीक.

“मामा, काय रे ते?”

“जुनं लाकूड आहे, कुरकुरणारच. तू कप्पीचा दोर धर.”

नळी आडवी करता करता आमचा जीव निघाला. “हिनं काय दगड गिळलेत का?” मामा म्हणाला आणि एकेक स्क्रू काढून त्यानं पुढची फळी उचकटली.

आत हवा जायला जागाच नव्हती. आख्खाच्या आख्खा खांब होता आत! निळा रंग, वर वेलीची नक्षी. मी मान वळवली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला माळ्याला टेकू देणारा खांब उभा होता. तोच निळा रंग, तीच वेल. आणि अलीकडे, जिथे त्याचा जोडीदार असायला हवा, तिथे आजोबांनी मोठा करून दिलेला भाता.

मामानं त्या वेलीवरून बोट फिरवलं. “बाबांनी भात्यासाठी खांब काढला गं. माळा झुकायला लागला असणार, म्हणून तोच खांब नळीत लपवून सरकवला. आणि जन्मभर लोकांचं हसू सोसलं.”

“मग परत उभी कर ना! लवकर!”

आम्ही कप्पीनं उभी केली. बसेना. नळी होती तेवढीच होती, वरची माळ्याची तुळईच खाली आली होती. चांगली दोन बोटं.

मामानं वर बघितलं, दाराकडे बघितलं, आणि करवत उचलली. “नळी दोन बोटं कापतो, पाचर मारतो. कुणाला काही कळायचं नाही.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं. बाईंचा आवाज, “चला गं, आज सगळे वेळेवर!” मागून आमच्या ताईचं हसू. मी त्याची बाही ओढली. “मामा, ताई आहे त्यात!”

त्यानं नळीकडे एकदा बघितलं. मग करवत हातात घेऊनच धावला आणि जिन्यात आडवा उभा राहिला. “वर जाऊ नका! माझ्या बापानं खांब काढलाय, माळा पडतोय!”

बाई आधी हसल्या. “आता हे काय नवीन?” मग त्यांना त्याचा चेहरा दिसला. सतरा जणं एका दमात अंगणात! फादरही चप्पल न घालता बाहेर.

आणि आत ऑर्गन वाजायला लागला.

शपथ! आत चिटपाखरू नव्हतं. मामानं तपासायला ऑर्गनची एक पट्टी दाबलेली राहावी म्हणून तिच्यावर शिशाचा तुकडा ठेवला होता, तो तसाच राहिलेला, आणि झुकणारा माळा भात्यावर बसून त्यातली हवा नळ्यांत ढकलत होता. एकच सूर, फुगत, फुगत, दात शिवशिवतील इतका मोठा. मग तुटला. मग माळा कोसळला. दारातून धुळीचा लोट आला तेव्हा बाई एकेकाला हात लावून मोजत होत्या.

फादर म्हणाले, “देवानं वाचवलं. संपलं एकदाचं.”

मामानं मान हलवली. “नाही संपलं, फादर. बाबांनी असे भाते अजून चार गावांत मोठे करून दिलेत.”

त्यानं गावांची नावं सांगितली, नंबर मी लावला. पहिल्या गावात रिंग वाजतेय, वाजतेय. शनिवार, चार वाजून गेलेले. तिथेही प्रॅक्टिसचीच वेळ. फोन कुणी उचलेना.